हृदयधमनीतील प्रतिमांकन

हृदयविकाराच्या झटक्यात बंद पडलेली धमनी उघडताना तिच्या आतूनच चित्र घेऊन उपचार ठरवण्याची पद्धत. मनगटातून किंवा जांघेतून नेलेल्या, जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या कॅथेटरमधून (लवचीक नळीतून) ध्वनिलहरी किंवा प्रकाश धमनीच्या भिंतीवर सोडतात. स्रोत मागे ओढत आणला की आडव्या छेदांची मालिका पडद्यावर उमटते.

अँजिओग्राफीत, म्हणजे धमनीच्या नेहमीच्या एक्स-रे तपासणीत, दिसते ती डायने (एक्स-रेत उठून दिसणाऱ्या द्रवाने) भरलेल्या पोकळीची सावली. पुलावरून खाडीच्या पाण्याची रुंदी कळते, काठाचा चिखल किती खोल ते कळत नाही, तसेच हे. भिंतीत चरबी आहे की कॅल्शियम, गुठळी नेमकी कशावर बसली आहे, हे त्या सावलीत दिसत नाही.

आयव्हस (धमनीच्या आतून केलेली सोनोग्राफी) या पद्धतीत २० ते ६० मेगाहर्ट्झच्या ध्वनिलहरी वापरतात. त्या रक्तातून आरपार जातात आणि भिंतीचा बाहेरचा थरही दाखवतात. ओसीटी (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी) या दुसऱ्या पद्धतीत अवरक्त प्रकाश असतो. १९९१ साली ती प्रथम मांडणाऱ्या शोधनिबंधात डोळ्याच्या पडद्याबरोबर हृदयधमनीचाही नमुना होता. ती १० ते २० मायक्रोमीटरइतके बारकावे टिपते, पण एक-दोन मिलिमीटरपलीकडे पोचत नाही. शिवाय चित्र घेताना डाय मारून रक्त बाजूला सारावे लागते. मूत्रपिंड नाजूक असलेल्या रुग्णात म्हणून आयव्हस बरे. ओसीटीत स्टेंटच्या (धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीच्या) तारा चकचकीत ठिपक्यांसारख्या दिसतात, प्रत्येकीमागे काळी सावली. ठिपका आणि भिंत यांच्यात फट दिसली, की तिथे स्टेंट टेकलेला नाही.

झटक्याचे कारणही येथे उलगडते. बहुतेकदा चरबीच्या साठ्यावरचे पातळ आवरण फाटलेले असते. काहींत आवरण शाबूत असून वरचा अस्तर-थर झिजलेला असतो; अशा निवडक रुग्णांत, रक्तप्रवाह सुरळीत असेल तर, स्टेंट न घालता औषधांवर भागवण्याचा विचार होतो. क्वचित कॅल्शियमची गाठ आत घुसलेली असते, आणि तिथे स्टेंट नीट फुलत नाही. झटक्याच्या वेळी धमनी आकसलेली असल्याने नुसत्या नजरेने निवडलेला स्टेंट लहान पडतो. भिंतीच्या बाहेरच्या थरावरून माप घेतले तर ही चूक टळते. नातेवाईक विचारतात, 'किती टक्के ब्लॉकेज?' आतल्या चित्रावर मात्र हिशेब चौरस मिलिमीटरात चालतो.

कोकण किनाऱ्यावर या पद्धतीला एक वेगळे महत्त्व आहे. कॅथलॅब (जिथे अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी करतात त्या खोल्या) मोजक्या आणि रस्ता घाटाचा. सिंधुदुर्गातून रुग्ण गोव्यात बांबोळीला, रत्नागिरीतून आंबा घाटाने कोल्हापूरला, चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कराडला, रायगडातून पनवेल-मुंबईला नेतात. निदानापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी (फुग्याने व स्टेंटने धमनी उघडणे) होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच्याच रुग्णालयात देऊन मग रुग्ण हलवावा, असा संकेत आहे. इंजेक्शन लागू पडले तर २ ते २४ तासांत अँजिओग्राफी. नाही पडले तर लगेच. लागू पडलेल्या रुग्णात तोवर गुठळी बरीचशी विरघळलेली असते आणि सावलीत किरकोळ अरुंदपणा दिसतो. दोन-तीन ठिकाणी असा अरुंदपणा असला तर दोषी जागा कोणती, असा पेच पडतो. तेव्हा आतल्या चित्रात फाटलेले आवरण किंवा उरलेली गुठळी सापडू शकते. धमनी पूर्ण बंद असेल तर मात्र चित्राच्या नादी लागायचे नाही; आधी रक्तप्रवाह सुरू करायचा, मोजमाप मागाहून.

३,५०५ रुग्णांवरच्या, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या आयव्हस-एसीएस चाचणीत उपचार केलेल्या धमनीशी निगडित गुंतागुंत वर्षभरात आयव्हस गटात ४ टक्के, तर केवळ अँजिओग्राफीच्या गटात ७.३ टक्के आढळली. अमेरिकेच्या २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी झटक्याच्या रुग्णांत डावी मुख्य धमनी किंवा गुंतागुंतीचे अडथळे असतील तर स्टेंट घालताना आतले प्रतिमांकन करण्याची ठाम शिफारस केली.

अडचण खर्चाची आणि सरावाची. भारतात २०१७ साली स्टेंटच्या किमतीवर कमाल मर्यादा आली. प्रतिमांकनाचे कॅथेटर हा त्याखेरीजचा खर्च. यंत्र असून चालत नाही, पडद्यावरचे करडे वर्तुळ झटपट वाचणारा डॉक्टर आणि तंत्रज्ञ रात्री-अपरात्रीही हजर लागतो.