कॉर्निश-विंडसर पूल

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधलं कॉर्निश आणि व्हरमाँटमधलं विंडसर या दोन गावांना जोडणारा, कनेक्टिकट नदीवरचा छपराचा लाकडी पूल. १८६६ मध्ये जेम्स टास्कर आणि बेला फ्लेचर यांनी बांधला, खर्च ९,००० डॉलर. जागेवरचा हा चौथा पूल, पहिला १७९६ चा. लांबी कुठे ४४९ फूट सापडते कुठे ४६०, मोजायला सुरुवात कुठून केली त्यावर असावं. मधे एकच खांब आणि २०० फुटांहून थोडे मोठे दोन गाळे.

छप्पर कशासाठी यावर बरंच बोललं जातं. खाली पाणी बघून घोडे बुजतात म्हणून, किंवा बर्फ आत येऊ नये म्हणून, अशी कारणं सांगतात, पण बर्फाचं तर अजिबात पटत नाही कारण हिवाळ्यात घसरगाड्या चालाव्यात म्हणून अशा पुलांच्या आत उलट फावड्यानं बर्फ आणून पसरायचे! खरं कारण साधं आहे, ऊन-पावसात उघडं लाकूड सांध्यांपाशी कुजतं. अमेरिकेतला पहिला छपराचा पूल म्हणून साधारणपणे टिमोथी पामरचा फिलाडेल्फियातला, १८०५ चा धरतात, युरोपात मात्र ही पद्धत कितीतरी जुनी, स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नचा कापेलब्रुके पूल १४ व्या शतकातला आहे.

बांधणी वास्तुविशारद इथिएल टाउनच्या लॅटिस ट्रसची, म्हणजे पुलाचा भार पेलणाऱ्या जाळीदार सांगाड्याची (पेटंट १८२०). तिरक्या फळ्या एकमेकींवरून आडव्या नेऊन जाळी करायची आणि जिथे छेदतात तिथे भोक पाडून लाकडी खुंट्या ठोकायच्या, म्हणजे साध्या सुतारांनाही जमावं असं काम, आणि टाउन दर फुटामागे रॉयल्टी घ्यायचा. इथे मात्र फळ्यांऐवजी जाड चौकोनी तासलेली लाकडं खाचा पाडून एकात एक बसवलीत, हा प्रकार फार कमी पुलांत राहिलाय आणि अभ्यासकांना या पुलाचं कौतुक आहे ते मुख्यतः त्यामुळे.

प्रवेशावर अजून पाटी आहे, घोडे सावकाश चालवा नाहीतर दोन डॉलर दंड. दुडक्या चालीनं पूल हादरतो, म्हणून.

पूल खाजगी कंपनीचा होता, न्यू हॅम्पशायरने १९३६ मध्ये विकत घेतला, टोल १९४३ मध्ये बंद झाला. राज्यांच्या हद्दीचा वाद सुप्रीम कोर्टात गेला होता आणि १९३३ च्या निकालात हद्द पश्चिम काठाच्या, म्हणजे विंडसरकडच्या, ओसरत्या पाण्याच्या रेषेवर ठरली, त्यामुळे नाव दोन गावांचं असलं तरी पूल जवळपास सगळा न्यू हॅम्पशायरचाच. १९८७ ते ८९ मध्ये मोठी दुरुस्ती झाली, थर चिकटवून केलेली नवी लाकडं घातली. अमेरिकेतला सर्वांत लांब छपराचा पूल हा मान २००८ मध्ये ओहायोतल्या स्मोलेन-गल्फ पुलाकडे गेला, पण तो नवा बांधलेला आहे, जुन्यांत अजून हाच.