भीमेच्या नावाचा धोबी

फेब्रुवारीत भिगवणला, भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी सगळ्या दुर्बिणी रोहित पक्ष्यांवर रोखलेल्या असतात. तिथेच चरणाऱ्या म्हशींच्या खुरांमधून जेमतेम १७-१८ ग्रॅम वजनाचा एक पक्षी शेपटी वरखाली हलवत किडे टिपत हिंडतो. पिवळा धोबी. त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही.

खरं तर या पाण्याशी त्याचं नावाचं नातं आहे. त्याच्या एका उपप्रजातीचं शास्त्रीय नाव 'मोटॅसिला फ्लावा बीमा', आणि यातली 'बीमा' म्हणजे आपली भीमा नदी. ईस्ट इंडिया कंपनीचे लष्करी अधिकारी विल्यम साइक्स यांनी दख्खनच्या पाहणीत पक्षीही गोळा केले आणि १८३२ साली यादी छापताना हे नाव दिलं. गंमत म्हणजे 'बीमा' भीमेकाठी घरटं कधीच बांधत नाही. त्याची वीण होते व्होल्गाच्या खालच्या खोऱ्यापासून कझाकस्तान ते दक्षिण सैबेरियापर्यंतच्या ओलसर गवतांत. साइक्सना भेटला तो हिवाळी पाहुणा.

पिवळ्या धोब्याचं पोट सगळीकडे पिवळंच, भानगड आहे ती डोक्याची. 'बीमा' नराचं डोकं फिकट निळसर-राखाडी, त्यावर ठळक पांढरी भुवई. स्कँडिनेव्हिया ते सैबेरियातल्या 'थनबर्गी'चं गडद राखाडी, भुवई जवळजवळ नाहीच. बाल्कन, तुर्कस्तानाकडच्या 'फेल्डेग'चं काळंकुळकुळीत. ब्रिटनमधल्याचं पिवळसर, मंगोलियाकडच्या एकाचं तर पांढरं! अशा दहाएक उपप्रजाती मानतात, आणि जिथे हद्दी भिडतात तिथे त्यांचा सर्रास संकर होतो. डीएनए तपासल्यावर आणखी पंचाईत झाली: डोक्याचा रंग सारखा म्हणून नातं जवळचं, असं निघेना. पूर्व आशियापासून अलास्कापर्यंत वीण करणारे धोबी आता अनेक जण वेगळी प्रजातीच धरतात. माझ्या मते रंगावर फार विसंबण्यात अर्थ नाही, पण शेताच्या बांधावर उभ्या माणसाजवळ दुसरं असतं काय?

जगाचा हिशेब धरला तर हा पक्षी धोक्यात नाही. ब्रिटनमध्ये मात्र २००९पासून तो तिथल्या सर्वाधिक चिंतेच्या पक्ष्यांच्या 'लाल यादीत' आहे. तिथे तो जमिनीवर, बऱ्याचदा पिकातच, घरटं करतो. गहू शरदातच पेरला की उन्हाळ्यापर्यंत तो उंच, दाट होतो आणि दुसऱ्या विणीला जागा उरत नाही. दलदलीची कुरणं निचरा करून कोरडी केली, काही ठिकाणी गुरांचं चरणंच थांबलं. गुरं आणि ओल गेली, तसे त्यांच्यासोबतचे किडेही गेले.

उजनीकाठी गुरं अजून चरतात. पाणी ओसरेल तशी गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरणी होते, त्या ओल्या मातीत धोब्यांची चंगळ असते. तिथल्या फवारणीकडे म्हणूनच लक्ष हवं, कारण याचं पोट किड्यांवरच भरतं.

थंडीत हे सगळे मळकट आणि एकसारखे दिसतात, ओळखण्यावरून पक्षीनिरीक्षकांची भांडणं होतात. मार्चच्या सुमाराला नवी पिसं येऊन नरांची डोकी रंगतात. एप्रिल संपेपर्यंत बहुतेक पाहुणे निघून जातात. कोण कुठला, हे ओळखायला मिळतात ते एवढेच काही आठवडे. त्या दिवसांत भिगवणला गेलात, तर रोहितांवरून दुर्बीण जरा खाली आणा.