कढीलिंब

कढीलिंब किंवा कढीपत्ता हा लिंबू-संत्र्याच्या कुळातला (रुटेसी) लहान वृक्ष आहे. फोडणीत घालायची सुगंधी पाने हा त्याचा मुख्य उपयोग. शास्त्रीय नाव बर्गेरा कोनिगी. मुराया कोनिगी हे नावही अनेक पुस्तकांत आढळते. विदर्भात त्याला गोडलिंब म्हणतात, हिंदीत मीठा नीम, गुजरातीत मीठो लीमडो, कन्नडमध्ये करिबेवु, तमिळमध्ये करिवेप्पिलै. या साऱ्या नावांत कडुलिंब डोकावतो. एका दांड्यावर दोन्ही अंगांना ओळीने पाने, ही ठेवण दोन्ही झाडांत सारखी आहे, तेवढ्यावरून नाव पडले. कूळ मात्र वेगळे. कढीलिंबाचे खरे भाऊबंद म्हणजे बेल, लिंबू, मोसंबी आणि बागेतली कुंती. पान उजेडासमोर धरले की त्यात सुईच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. कागदी लिंबाचे पान तसेच धरून पाहावे, तेच ठिपके दिसतील.

शास्त्रीय नावातला ‘कोनिगी’ हा शब्द योहान गेरहार्ड कोनिग (१७२८–१७८५) या वनस्पतिशास्त्रज्ञावरून आला. वनस्पतींना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनीअसचा तो शिष्य. तमिळ किनाऱ्यावर तरंगमबाडीला डॅनिश वसाहत होती, तिथे तो वैद्य म्हणून आला आणि दक्षिण भारतातल्या वनस्पती गोळा करत राहिला. आयुर्वेदाच्या ग्रंथांत कैडर्य आणि सुरभिनिंब ही नावे येतात. मराठीने मात्र या झाडाला ते ज्या पदार्थात शोभते त्याचेच नाव दिले, आणि हे नाव मला सर्वांत नेमके वाटते.

झाड भारतीय उपखंडातले. हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीपर्यंतच्या जंगलांत ते आपसूक वाढलेले सापडते. उंची बहुधा चार ते सहा मीटर. फुले बारीक, पांढरी, सुवासिक, झुपक्यांनी येणारी. फळे आधी हिरवी, मग लालसर आणि पिकल्यावर काळी-जांभळी होतात. गर गोडसर असतो आणि बुलबुल, कोकिळा तो आवडीने खातात. माणसानेही गर खायला हरकत नाही, पण बी खाऊ नये, ते विषारी मानतात. लहान मुले असलेल्या घरात फळे धरली की हे त्यांना एकदा दाखवून सांगावे.

पानांच्या वासाचे मूळ शोधताना रसायनशास्त्रज्ञांना पायनीन, सॅबिनीन, कॅरिओफायलीन अशी अनेक संयुगे सापडली. ती इतर वनस्पतींतही असतात. कढीलिंबाची खास ओळख ठरवणारे संयुग वेगळेच निघाले. ते गंधकयुक्त असून त्याचे नाव १-फिनाइलइथेनथायॉल. अगदी अल्प प्रमाणात असूनही खास वास मुख्यतः त्याचा. पाने वाळवली किंवा गोठवली की हा वास चटकन उतरतो. म्हणून पाकिटातला वाळका कढीपत्ता फोडणीत पडला तरी स्वयंपाकघर दरवळत नाही. ताजी पाने टिकवायची तर काडीवरून न तोडता, न धुता, कागदात किंवा सुती फडक्यात गुंडाळून डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवावीत. ओली पाने दोन दिवसांत काळी पडतात.

फोडणीत त्याची वेळ ठरलेली आहे. तेल तापले, मोहरी तडतडली, जिरे फुलले, हिंग पडला, की मग कढीलिंब आणि लगेच मागून हळद. मोहरीच्या आधी टाकला तर करपून कडवट होतो. वरून कच्चा टाकला तर वास पानातच अडकून राहतो, कारण सुगंधी द्रव्ये तेलात उतरतात, पाण्यात फारशी उतरत नाहीत. पाने कोरडी नसली तर तेल अंगावर उडते. टाकताना हाताने एकदा चुरडली की तेलाच्या ग्रंथी फुटतात. ताकाची कढी, पोहे, उपमा, मठ्ठा, आमटी यांना तो हवाच. चिवड्याची गोष्ट निराळी. तिथे पाने आधी मंद आचेवर चुरचुरीत तळून घ्यावी लागतात. एक जरी पान आत ओलसर राहिले तरी चार दिवसांत अख्खा डबा मऊ पडतो.

आता आरोग्याचे. कढीलिंबाविषयी सर्वांत जास्त सांगितला जाणारा गुण म्हणजे कॅल्शियम, आणि तो खोटा नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात १०० ग्रॅम ताज्या पानांत ८३० मिलिग्रॅम कॅल्शियम दिले आहे, तर २०१७ च्या नव्या तक्त्यात साधारण ६६०. गाईच्या १०० ग्रॅम दुधात ते १२० च्या आसपास असते. शिवाय लोह आहे, तंतू आहेत आणि शरीरात ज्याचे जीवनसत्त्व ‘अ’ होते ते बीटा-कॅरोटीन भरपूर आहे. आकडे पाहून आनंद होतो. पण हे आकडे १०० ग्रॅमचे आहेत, आणि घरच्या फोडणीत पडतात दहा-बारा पाने. त्यांचे वजन जेमतेम एक ग्रॅम. म्हणजे सहा ते आठ मिलिग्रॅम कॅल्शियम, तेही चौघांत वाटून. प्रौढ माणसाला दिवसाला १,००० मिलिग्रॅम लागते. त्यातच या पानांत ऑक्झॅलिक आम्ल असते. ते कॅल्शियमला धरून ठेवते, त्यामुळे पानात आहे तेवढे सगळे अंगी लागत नाही. आणि बहुतेक घरांत ती दहा पाने जेवताना बोटाने बाजूला सारून ताटाच्या कडेला ठेवली जातात. सुगंध तेवढा तेलात उतरलेला असतो, बाकी पोषण त्या कडेच्या पानातच राहते.

म्हणून कढीलिंबाचा आहार म्हणून उपयोग करायचा तर त्याची चटणी करावी, हे मी ठामपणे सांगेन. रस, काढे, सकाळी उपाशीपोटी पाने चावणे यांपेक्षा ही जुनी घरगुती वाट शहाणपणाची आहे. चार वाट्या पाने धुऊन सुती कापडावर सावलीत पूर्ण कोरडी होऊ द्यावीत. उन्हात वाळवू नयेत, कॅरोटीन उन्हाने नष्ट होते. मग चमचाभर तेलावर मंद आचेवर परतत राहायचे. आधी पाने मऊ पडतात, कढईला चिकटतात, आणि वाटते की बिघडले. थांबायचे नाही. थोड्या वेळाने त्यांचा कढईत घासल्याचा आवाज बदलतो, सुक्या पाचोळ्यासारखा खरखरीत होतो आणि पान बोटांत धरले की चुरा होतो. तेव्हा गॅस बंद. अर्धी वाटी तीळ, अर्धी वाटी किसलेले सुके खोबरे, आठ-दहा लसणीच्या पाकळ्या, सात-आठ सुक्या मिरच्या वेगवेगळ्या भाजून, चिंचेचे एक बुटुक, मीठ आणि चिमूट साखर घालून सगळे गार झाल्यावर भरड वाटावे. गरम असताना वाटले तर तीळ-खोबऱ्याला तेल सुटून गोळा होतो. विदर्भात याच चटणीत जवसही घालतात. चमचाभर चटणीत साधारण पाच-सहा ग्रॅम ताज्या पानांचा ऐवज येतो आणि पान टाकून देण्याचा प्रश्नच उरत नाही. यातले बरेचसे कॅल्शियम तिळाचे असते, हे खरे. पण तीळ आणि पाला एकत्र बांधले गेले यातच या चटणीचे बळ आहे. तेल असल्याने कॅरोटीनही नीट शोषले जाते. लोहाला आंबटाची साथ लागते, तेव्हा पोह्यांतली पाने खाताना त्यावर लिंबू पिळलेले असावे.

औषधी गुणांवर प्रयोगशाळेत भरपूर काम झाले आहे. कार्बाझोल नावाच्या वर्गातली अल्कलॉइडे, म्हणजे वनस्पतींतली नत्रयुक्त संयुगे, हे या झाडाचे वैशिष्ट्य. मुरायनिन हे त्यातले एक कोलकात्यातील रसायनशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात याच झाडातून वेगळे केले. पुढे महानिंबीन, कोनिंबीन, गिरिनिंबीन अशी अनेक सापडत गेली. उंदरांवरच्या प्रयोगांत पानांच्या अर्काने रक्तातली साखर आणि मेद उतरल्याचे दिसले आहे. माणसांवरचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत. मधुमेही माणसाने जेवणात कढीलिंब मोकळेपणाने खावा, पण त्याच्या भरवशावर गोळी सोडू नये. गोळी चालू असताना अर्क किंवा भुकटी वेगळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे, कारण दोन्ही मिळून साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. ही सूचना मी काळजीने लिहितो आहे. ‘नैसर्गिक आहे, मग काय होणार’ या समजुतीने औषधे थांबवणारी माणसे आपल्या प्रत्येकाच्या नात्यात असतात.

घरगुती उपायांत पोटाचा उपाय सर्वांत जुना आणि निर्धोक. पाच-सात पाने, आल्याचा तुकडा, जिरे, चिमूटभर हिंग आणि सैंधव एकत्र ठेचून पातळ ताकात कालवतात. जड जेवणानंतर, गॅस धरल्यावर किंवा तोंडाची चव गेल्यावर हे ताक बरे वाटते. जुलाबांतही ताकाने पाणी आणि मीठ दोन्ही पोटात जाते. मात्र ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर ताकावर थांबू नये.

केसांच्या तेलाची कीर्ती त्याहून मोठी आहे. धुऊन पूर्ण सुकवलेली पाने खोबरेल तेलात मंद आचेवर ठेवायची. तेलात बुडबुडे येत राहतात, ते पानातले पाणी. बुडबुडे थांबले आणि पाने काळपट झाली की उतरवून गाळायचे. पाणी राहिले तर तेल खवट होते. असे तेल हिरवट दिसते, वास छान येतो, आणि चोळल्याने केस मऊ होतात. खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, त्याचा हा गुण. पांढरे केस काळे होतात हे मात्र सिद्ध झालेले नाही. त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो, त्यात वरून रंगद्रव्य भरता येत नाही. आजीच्या हातच्या तेलाची माया खरीच आहे. ते लावावे, पण बाजारात त्याच नावाने महाग बाटली मिळते तिच्यावर पैसे घालू नयेत.

भाजीवाली कोथिंबिरीच्या जुडीवर कढीलिंबाची काडी वरून फुकट टाकते, म्हणून या पिकाकडे कोणी पीक म्हणून पाहत नाही. प्रत्यक्षात त्याची शेती होते. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने डीडब्ल्यूडी-१ आणि डीडब्ल्यूडी-२ अशा जाती निवडल्या आहेत. व्यापारी पिकावर फवारणीही होते, आणि कीटकनाशकांच्या अंशामुळे युरोपीय संघाने भारतातून येणाऱ्या या पानांवर वाढीव तपासणी लावली होती. विकतची पाने पाण्यात घोळवून, पाणी दोनदा बदलून धुवावीत. शक्य असेल त्याने एक झाड कुंडीत लावावे.

परदेशातल्या मराठी घरांना हे झाड मिळवताना दोन अडचणी येतात. तिकडच्या रोपवाटिकांत ‘करी प्लांट’ म्हणून रुपेरी पानांचे झुडूप विकतात. ते हेलिक्रायसम, सूर्यफुलाच्या कुळातले, कढीलिंबाशी त्याचा काही संबंध नाही. दुसरी अडचण किडीची. सिट्रस सायला नावाचा चिमुकला कीटक लिंबू-संत्र्यांत ग्रीनिंग हा असाध्य रोग पसरवतो आणि तो कढीलिंबावरही पोसतो. अमेरिकेत २००५ मध्ये फ्लोरिडात हा रोग सापडल्यापासून संत्र्याच्या बागांचे अतोनात नुकसान झाले. त्यामुळे कढीलिंबाची रोपे एका राज्यातून दुसऱ्यात नेण्यावर तिथे बंधने आहेत. नातेवाइकांच्या बॅगेतून रोप किंवा पाने नेणे म्हणूनच टाळावे. नागपूरकडच्या संत्रा बागायतदारांना हा सायला चांगलाच ठाऊक आहे. बागेच्या कडेला गोडलिंब असेल तर नव्या पालवीवर त्यांनी लक्ष ठेवावे.

रोप ताज्या बियांपासून करतात, कारण बी काही आठवड्यांतच उगवणशक्ती गमावते. जुन्या झाडाच्या मुळांतून फुटलेले धुमारे मुळासकट काढून लावले तरी जगतात. पहिली एक-दोन वर्षे वाढ अगदी सावकाश होते. तोडताना सुटी पाने ओरबाडू नयेत, शेंड्याची डहाळी खुडावी, म्हणजे खालून दोन फुटवे येतात. पालवीवर कधी पक्ष्याच्या विष्ठेसारखा करडा-पांढरा ठिपका दिसतो. जवळून पाहिले तर ती लिंबू फुलपाखराची अळी असते. मोठी झाली की हिरवी होते, डिवचली की डोक्यामागून दोन नारिंगी शिंगे बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. झाड मोठे असेल तर तिला खाऊ द्यावे. रोप लहान असेल तर उचलून कागदी लिंबाच्या झाडावर ठेवावी.

थंडीत हे झाड जवळजवळ झोपते. पाने पिवळी पडून गळतात, डिसेंबरात नुसत्या काड्या उरतात, आणि झाड मेले असे समजून कुंडी रिकामी केली जाते. तसे करण्याआधी खोडाची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले तर पाणी अर्ध्यावर आणून कुंडी उन्हात ठेवावी. फाल्गुनात त्याच काड्यांना तांबूस-हिरवी पालवी फुटते.