बोनस

ठरलेल्या मोबदल्याच्या वर, वेगळी मिळणारी रक्कम, वस्तू किंवा गुण म्हणजे बोनस. मराठीत हा शब्द पुल्लिंगी चालतो : बोनस मिळतो, जाहीर होतो, अडतो, बुडतो. शासकीय परिभाषेत त्याला 'अधिलाभांश' असा प्रतिशब्द आहे, पण तो कोशाबाहेर फारसा पडला नाही. १९६५ च्या कायद्याचे मराठी नावही 'बोनस प्रदान अधिनियम' असेच आहे. कोल्हापूर जिल्ह्यात फाउंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना), साखर कारखाना, यंत्रमाग आणि गावची दूध संस्था अशा चार ठिकाणी हा शब्द थोड्याफार वेगळ्या अर्थाने वापरतात. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस 'बोनस झाला काय?' हा प्रश्न इथे 'जेवलास काय?' इतक्या सहज विचारला जातो. चारही ठिकाणी वाद मात्र एकच असतो : हे पैसे हक्काचे की मेहेरबानीचे?

शब्द

लॅटिनमध्ये 'बोनस' म्हणजे चांगला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या शेअर बाजारातल्या लोकांनी हे विशेषण उचलून 'वरचे पैसे' या अर्थाने चालू केले. 'चांगली वस्तू' म्हणायचे तर लॅटिन व्याकरणाप्रमाणे नपुंसकलिंगी 'बोनम' हवे होते. दलालांना व्याकरणाची घाई नसते, तेव्हा चूक तशीच राहिली आणि जगभर गेली.

हा शब्द येण्याआधी मराठीत वरच्या पैशाला नावे नव्हती असे मुळीच नाही. अरबीतून आलेले इनाम आणि फारसीतून आलेले बक्षीस हे दोन मोठे शब्द. इनाम जमिनीचे असले तर पिढ्यान्‌पिढ्या चालायचे, बक्षीस हातोहात संपायचे. तालमींच्या कोल्हापुरात दोन्ही शब्द अजून जिवंत आहेत : कुस्ती इनामावर लागते, आणि गावच्या जत्रेत जिंकलेला पैलवान हलगीच्या मागून मैदानाला फेरी मारतो, तेव्हा लोक दहा-वीस, कुणी पन्नास रुपये हातावर ठेवतात ते बक्षीस. सणाला गडीमाणसांना, पोस्टमनला, झाडूवाल्याला द्यायची ती दिवाळी पोस्त; हा शब्द आता जुन्या माणसांच्याच तोंडी उरला आहे. चिरीमिरी हीही वरचीच कमाई, पण तिचे नाव मोठ्याने घेत नाहीत. या सगळ्यांत देणारा वर आणि घेणारा खाली असतो. 'बोनस'ने ही उतरंड मोडायचा प्रयत्न केला. कामगार बोनस मागतो. पोस्त मागणारा दारात उभा असतो.

हक्क कसा झाला

व्हॉट्सअ‍ॅपवर दर दिवाळीला एक गोष्ट फिरते. पूर्वी पगार आठवड्याचा असे, वर्षाचे बावन्न आठवडे. इंग्रजांनी महिन्याचा पगार सुरू केला आणि चार आठवड्यांचा एक महिना धरून बारा महिन्यांत अठ्ठेचाळीसच आठवड्यांचे पैसे दिले. राहिलेला तेरावा पगार म्हणजे बोनस. गोष्ट ऐकायला गोड आहे, पण हिशेब चुकलेला आहे. महिना अठ्ठावीस दिवसांचा नसतो. तीस-एकतीस दिवसांचे बारा पगार घेतले की वर्ष पुरे होते, मागे काही उरत नाही.

प्रत्यक्षात बोनस गिरण्यांतून आला. पहिल्या महायुद्धात मुंबईच्या कापड गिरण्यांनी महागाईपोटी पगारावर टक्केवारीने युद्ध बोनस दिला. अहमदाबादेत प्लेगच्या भीतीने कामगार पळून जाऊ लागले, त्यांना थोपवायला प्लेग बोनस आला. साथ ओसरल्यावर मालकांनी तो बंद केला आणि त्यातूनच १९१८ चा, गांधीजींच्या उपोषणाने गाजलेला संप झाला. मुंबईतही १९२४ मध्ये बोनस बंद झाल्यावर गिरण्या थांबल्या. म्हणजे दिलेला बोनस काढून घेता येत नाही, हे कायद्याच्या किती तरी आधी रस्त्यावर ठरत गेले.

स्वातंत्र्यानंतर वाद न्यायालयात गेला. म्यूर मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की बोनस ही खैरात नाही आणि राखून ठेवलेला पगारही नाही. मजुरी जगण्याच्या खर्चाला पुरत नसेल आणि नफा झाला असेल, तर त्या नफ्यातला तो वाटा. पुढे १९६१ मध्ये एम. आर. मेहेर यांच्या अध्यक्षतेखाली बोनस आयोग नेमला गेला आणि १९६५ मध्ये कायदा झाला. किमान बोनस आधी ४ टक्के होता, तो १९७२ मध्ये ८.३३ टक्के झाला, आणीबाणीत पुन्हा खाली आला आणि १९७७ मध्ये परत ८.३३ वर गेला. कमाल मर्यादा २० टक्के. किमान बोनस तोट्याच्या वर्षीही द्यावा लागतो, म्हणजे 'नफ्यातला वाटा' ही व्याख्या कायद्यानेच अर्धी सोडून दिली. माझ्या मते हा सगळ्यात मोठा बदल आहे, आणि त्याच्यावरच सगळ्यात कमी बोलले जाते.

८.३३ हा आकडा विचित्र दिसतो, पण तो शंभर भागिले बारा एवढाच आहे : वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, एक महिना. तेव्हा तेराव्या पगाराची गोष्ट इतिहास म्हणून खोटी असली तरी आकडा म्हणून खरी ठरते. बोनस हा पगाराचा धोंड्याचा महिना. (अधिक महिन्यात जावयाला ३३ अनारसे देतात आणि टक्केवारीतही ३३ आहे, हा निव्वळ योगायोग.)

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फाउंड्रीत टाइम ऑफिसबाहेर नोटीस लागते तेव्हा मोल्डिंगवरचे कामगार हात न धुताच वाचायला येतात आणि नवा पोरगा गोंधळतो. पगार १८ हजार, बोनस एक महिन्याचा, तर १८ हजार का नाहीत? कारण हिशेब पूर्ण पगारावर होत नाही. २०१५ च्या दुरुस्तीनुसार महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेला कामगार पात्र, पण मोजणी दरमहा ७ हजार किंवा किमान वेतन, यांत जे जास्त असेल त्यावर. ७ हजारांवर मोजले तर वर्षाचे ८४ हजार; त्याचे ८.३३ टक्के म्हणजे सुमारे ७ हजार आणि २० टक्के म्हणजे १६,८००. या दोन आकड्यांमधल्या जागेत युनियन आणि मालक बसून चहा पितात. वर्षात ३० दिवस काम भरले की हक्क लागू होतो. चोरी, अफरातफर, मारामारी किंवा यंत्राची मोडतोड करून कामावरून काढलेल्याचा हक्क जातो. २०१९ च्या वेतन संहितेत हा कायदा सामावला, तेव्हा लैंगिक छळाबद्दलची शिक्षाही त्या यादीत आली.

दिवाळीचे नाव मात्र कायद्यातल्या मुदतीत नाही. हिशेबाचे वर्ष संपल्यापासून ८ महिन्यांत पैसे द्या, एवढेच तो म्हणतो. वर्ष ३१ मार्चला संपते, आठ महिने ३० नोव्हेंबरला, आणि दिवाळी त्याच्या अलीकडेच येते. सणाने मुदत गाठली की मुदतीने सण, हे कुणी विचारत नाही. वसुबारसेपर्यंत पैसे हातात पडले नाहीत तर गेटवर आवाज चढतो.

यंत्रमागांच्या इचलकरंजीत गणित वेगळे. तिथे मजुरी पिकावर (म्हणजे कापडात विणलेल्या आडव्या धाग्यांवर) आणि मीटरवर, मागवाल्याचा महिना दर महिन्याला बदलतो. कारखाने पुष्कळदा इतके लहान की कामगारसंख्येची अटच पुरी होत नाही. तिथला बोनस त्यामुळे कायद्याइतकाच चालीरीतीने आणि बैठकांनी ठरतो. दिवाणजी वही उघडतो, वर्षाच्या मजुरीची बेरीज करतो, टक्के लावतो आणि मग त्यातून उचल वजा करतो. उचल म्हणजे कामावर येताना किंवा अडीनडीला घेतलेली आगाऊ रक्कम. 'बोनसमधून कापून घ्या' असे जूनमध्ये, पोरांच्या शाळेच्या वेळी, सहज बोललेले वाक्य दिवाळीला अंगावर येते. बोनस मोठा आणि पाकीट लहान, हा अनुभव मागावरच्या माणसाला नवा नाही.

सरकारी, निमसरकारी ठिकाणी पात्रतेचा प्रश्न आला की दुसरा शब्द पुढे येतो : सानुग्रह अनुदान. महापालिका, एसटी वगैरे ठिकाणी दिवाळीला मिळते ते हेच. घेणारे त्यालाही बोनसच म्हणतात, पण देणाऱ्याने 'अनुग्रह' शब्द घालून हक्काचा दरवाजा हळूच लोटून घेतलेला असतो. रेल्वेचा बोनस उत्पादकतेशी जोडलेला, तो दसऱ्याच्या आसपास येतो. अलीकडे बरीच वर्षे ७८ दिवसांचा, पण मोजणी ७ हजारांवरच, त्यामुळे जास्तीत जास्त १७,९५१ रुपये.

दुधाचा फरक

ग्रामीण कोल्हापुरात बोनस म्हटले की आधी म्हैस आठवते. जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ म्हणजे 'गोकुळ' १९६३ मध्ये स्थापन झाला. संघ दिवाळीला जे देतो त्याचे कागदावरचे नाव 'दूध दर फरक' : वर्षभर दिलेला दर आणि हिशेबाअंती परवडलेला दर यांतला फरक, लिटरमागे, म्हशीच्या आणि गाईच्या दुधाला वेगळा. गावची संस्था आपल्या नफ्यातून वर्षाच्या बिलावर टक्क्याने आणखी काही देते, त्याला कुठे रिबेट, कुठे बोनस म्हणतात. बायका दोन्हींना मिळून 'फरक बिल' म्हणतात आणि विषय संपवतात.

नीट पाहिले तर हा बोनस नव्हेच. संस्था उत्पादकांचीच, वर्षभर थोडे हात राखून दिलेले दुधाचे पैसे शेवटी पुरे केले जातात. मालकाने मालकालाच बोनस काय द्यायचा? तरीही शब्द चिकटला, कारण दहा दिवसांचे बिल पेंड, औषधपाणी आणि किराण्यात जाते, फरक मात्र एकरकमी येतो. वर्षाचा एकूण आकडा घरच्या बाईला तोंडपाठ असतो. म्हैस भाकड राहिलेले महिने, दोन रुपये जास्त मिळतात म्हणून खासगी गवळ्याला घातलेले दूध, पाहुण्यांसाठी घरी ठेवलेला लिटर, सगळे दिवाळीला त्या कागदावर उणे होऊन दिसते. 'तवाच सांगत हुते, डेअरीलाच घाला' हे वाक्य अनेक घरांत फरक बिलाबरोबरच येते. मग कोल्हापूरला महाद्वार रोडवर खरेदी, नाहीतर गुजरीच्या सराफ बाजारात एखादा सोन्याचा मणी.

साखर कारखान्यांत कामगारांना बोनस आणि सभासदांना दिवाळीची सवलतीची साखर. ऊस उत्पादक मात्र एफआरपीच्या (केंद्र सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान दराच्या) वर मागतो त्या पैशाला कधी बोनस म्हणत नाही. तो 'दुसरा हप्ता' म्हणतो. हप्ता म्हटले की देणे लागते, बोनस म्हटले की उपकार होतो, हे जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत बसणाऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही.

इतर वापर

कंपनी भागधारकांना पैसे न घेता वाढीव शेअर देते ते बोनस शेअर, मराठी वर्तमानपत्रांत 'बक्षीस समभाग'. एकास एक दिले की शेअर दुप्पट आणि भाव साधारण निम्मा. दहाची नोट मोडून पाचाच्या दोन घेतल्यासारखे. नफ्यासह विमा पॉलिसीत दर हजारी विमा रकमेमागे बोनस जाहीर होतो, तो हातात न येता मुदतीअखेर किंवा मृत्यूनंतर मिळतो. वाहनाच्या विम्यात दावा न केल्याबद्दलची सूट २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढते. ती गाडीची नसून मालकाची असते, त्यामुळे गाडी विकताना तिच्याबरोबर देऊन टाकायची नाही.

बोलण्यात शब्द आणखी सैल होतो. मोठ्या दुखण्यातून उठलेला म्हातारा 'आता हाय ते बोनस' म्हणतो. मंडईत मात्र बोनस चालत नाही, तिथे 'वर' चालते : 'मावशी, कडीपत्ता टाका की वर.' मिसळीचा कट दुसऱ्यांदा मागतानाही कुणी बोनस म्हणत नाही. तो वरचा नाहीच, मिसळीचाच आहे, अशी इथली ठाम समजूत.

शब्दाचा सर्वांत काटेकोर अर्थ कबड्डीत सापडतो. चढाईत ओलांडावीच लागते त्या निदान रेषेच्या पुढे एक मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात खेळाडू असतील तेव्हाच ती जिवंत असते. चढाई करणाऱ्याने एक पाय तिच्यापलीकडे टेकवायचा, आणि त्या क्षणी दुसरा पाय हवेत हवा. जमले तर एक गुण. पुढे पकड झाली तरी हा गुण त्याच्याकडेच राहतो, पकडीचा गुण समोरच्यांना. पण बोनसच्या गुणामुळे आधी बाद झालेला गडी परत मैदानात येत नाही.