पार्श्वभूमी: ‘ओके’ची खूण द्वेषचिन्हांच्या यादीत कशी गेली?

फेब्रुवारी २०१७ मध्ये एका इंग्रजी संकेतस्थळावर निनावी लिहिणाऱ्यांनी एक बेत आखला. अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेली ‘ओके’ची खूण ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची गुप्त खूण आहे, अशी आवई ट्विटरवर खोट्या खात्यांवरून उठवायची. उभी तीन बोटे म्हणजे ‘डब्ल्यू’, वर्तुळ आणि मनगट मिळून ‘पी’. एकत्र वाचले की ‘व्हाइट पॉवर’. पत्रकार आणि उदारमतवादी खवळले की त्यांची टर उडवायची.

आधीच्या पिढीतील नवनाझींच्या खुणांत ‘ही तर थट्टा’ म्हणण्याची पळवाट फारशी नव्हती. ‘८८’ म्हणजे इंग्रजी वर्णमालेतील आठवे अक्षर दोनदा, अर्थात ‘हाइल हिटलर’. हा आकडा गोंदवून घेतल्यावर कानावर हात ठेवणे अवघड जाई. इंटरनेटवरच्या पिढीने नाकबूल करण्याची सोय हाताशी ठेवली. २००५ मधल्या एका अमेरिकी चित्रकथेतला निरुपद्रवी बेडूक २०१६ पर्यंत नाझी गणवेशात फिरू लागला, तेव्हाही ‘गंमत चालली आहे’ हे उत्तर तयारच होते. हसणारा तो आपला, चिडणारा तो परका. एवढी वाटणी झाली की नवख्याला वंशवाद पटवून द्यावा लागत नाही, तो हसता हसता अंगवळणी पडतो.

‘ओके’चेही तेच झाले. आवई उठवणारे मागे राहिले आणि खरेखुरे वर्चस्ववादी फोटोंत ही खूण करू लागले. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ जणांचे बळी घेणाऱ्या हल्लेखोराने दुसऱ्याच दिवशी न्यायालयात, बेड्या घातलेल्या हातांनी, तीच खूण केली.

त्या सप्टेंबरात ज्यूद्वेषाची नोंद ठेवणाऱ्या एका जुन्या अमेरिकी संस्थेने तिचा द्वेषचिन्हांच्या यादीत समावेश केला आणि वाद पेटला. थापाड्यांना हवे होते तेच हाती दिले, असा आक्षेप होता, आणि तो पोकळ नव्हता. डिसेंबरात अमेरिकेतील सैनिकी अकादमींच्या फुटबॉल सामन्यात काही प्रशिक्षणार्थींनी हीच खूण केल्याने गहजब झाला. चौकशीत तो त्यांचा आपसातला खेळ निघाला. पण ही खूण बहुतेक वेळा निर्दोषच असते, संदर्भ पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, असे संस्थेने नोंदीतच बजावले होते. टीका करणाऱ्यांनी तेवढा भाग सोडून दिला. क्राइस्टचर्चनंतरही या खुणेला निव्वळ थट्टा मानत राहणे मृतांवर अन्याय करणारे ठरले असते.

पुढे अमेरिकेत गृहयुद्धाची भाषा करणाऱ्यांनी थट्टेच्या याच आडोशाने ‘बूगालू’ हे नाव घेतले. त्यावर नजर पडू लागताच उच्चाराने जवळचा ‘बिग लुआउ’ आला. लुआउ ही हवाई बेटांवरची मेजवानी. म्हणून २०२० च्या निदर्शनांत बंदूकधारी तरुण फुलाफुलांच्या हवाई शर्टांत दिसले. जूनअखेर एका मोठ्या समाजमाध्यमाने त्यांच्या हिंसक जाळ्यातली शेकडो खाती आणि गट काढून टाकले.