हिरवं कार्नेशन आणि सूर्यफुलाचा हिरवा पट्टा

फूल, हिरवा रंग आणि छातीवरची जागा. या तीन गोष्टी जुळल्या की कोटाला लावायचं, समलिंगी ओळखीचं चिन्ह असलेलं हिरवं कार्नेशन आणि न दिसणारी अडचण असलेल्यांनी गळ्यात घालायचा सूर्यफुलाचा पट्टा यांची गल्लत व्हायला वेळ लागत नाही. त्यात एकोणिसाव्या शतकातला लेखक-नाटककार ऑस्कर वाइल्ड याचं नाव दोन्ही फुलांना चिकटलेलं. त्यामुळे प्राइडच्या, म्हणजे समलिंगी-ट्रान्स समुदायाच्या, चिन्हांच्या याद्यांत सूर्यफूलही कधी कधी बिनदिक्कत येऊन बसतं.

वाइल्डच्या बाबतीत सूर्यफूल आधीचं. १८८१ साली लंडनच्या ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने त्याचा चेहरा सूर्यफुलाच्या मधोमध बसवून व्यंगचित्र छापलं. १८८२च्या अमेरिका दौऱ्यातही या फुलावरून त्याची भरपूर टिंगल झाली. पण ते फूल ‘कला सौंदर्यासाठीच’ म्हणणाऱ्या सौंदर्यवादी चळवळीचं, म्हणजे नक्षीदार वॉलपेपर आणि निळ्या चिनी भांड्यांच्या पंगतीतलं.

कार्नेशन दहा वर्षांनी आलं. २० फेब्रुवारी १८९२ रोजी लंडनच्या सेंट जेम्स थिएटरात त्याच्या ‘लेडी विंडरमिअर्स फॅन’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. वाइल्डने मित्रांना कोटाला हिरवं कार्नेशन लावून यायला सांगितलं होतं. रंगमंचावरच्या एका नटाच्या कोटालाही तेच फूल होतं. १८९४ मध्ये फुलाच्याच नावाची, वाइल्डची टर उडवणारी कादंबरी निनावी निघाली. १८९५ मध्ये समलिंगी संबंधांवरून वाइल्डला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली आणि फुलाचा अर्थ कायमचा ठरून गेला. पॅरिसमधले समलिंगी पुरुष आधीपासूनच हे फूल लावत, असं सर्रास लिहिलं जातं. त्याला भक्कम आधार नाही, ती गोष्ट ऐकीव म्हणूनच धरावी.

हे फूल मुद्दाम कृत्रिम होतं. आज फिकट पोपटी कार्नेशनची जात मिळते, पण वाइल्डच्या काळातलं फूल पांढरं आणून रंगवलेलं असे. घरी करायचं तर अर्धवट उमललेलं पांढरं फूल घ्या. मिटलेली कळी रंग नीट ओढत नाही. खालची पानं काढा. देठ दोन पेरांच्या मधे, तिरका, पाण्याखाली कापा. पेरावर कापलं तर पाणी नीट चढत नाही, आणि हवेत कापलं तर देठात हवेचा बुडबुडा अडकतो. १०० मिली कोमट पाण्यात खाण्याच्या हिरव्या रंगाचे २० ते २५ थेंब टाकून फूल १२ ते २४ तास ठेवा. रंग आधी पाकळ्यांच्या कडांवर दिसतो, कारण वर चढलेलं पाणी तिथून उडून जातं आणि रंग मागे राहतो. मधला भाग फिकट राहिला तर काही चुकलं असं नाही. बाजारातला हिरवा रंग बहुधा पिवळा आणि निळा मिसळून केलेला असतो. दोन्ही सारख्या वेगाने चढले नाहीत तर कडा निळसर दिसतात. अशा वेळी पाण्यात थोडा पिवळा वाढवायचा. कापडाचा रंग मात्र वापरू नका.

आणखी एक घोटाळा: अमेरिकेत १७ मार्चला, सेंट पॅट्रिक्स डेला, हिरवी कार्नेशन्स विकली जातात. तिथे त्यांचा अर्थ आयर्लंड, बाकी काही नाही. वाइल्डही आयरिशच, हा निव्वळ योगायोग.

सूर्यफुलाच्या पट्ट्याचा या साऱ्याशी संबंध नाही. २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर तो सुरू झाला: हिरव्या पट्ट्यावर पिवळी सूर्यफुलं, लांबून ओळखू यावीत अशी. स्वमग्नता, स्मृतिभ्रंश, फिट्स, कमी ऐकू येणं अशी न दिसणारी अडचण असलेल्या प्रवाशाने तो गळ्यात घालायचा, म्हणजे कर्मचारी घाई करत नाहीत, सूचना सावकाश सांगतात, गरज पडली तर पुन्हा सांगतात. बंगळुरूच्या विमानतळावरही ही सोय आहे.

पट्टा विनंतीपुरता आहे, पुरावा नव्हे. तो दाखवून सुरक्षा तपासणी टळत नाही आणि रांगेत पुढे जाण्याचा हक्कही मिळत नाही. आपल्याकडे पुरावा म्हणजे यूडीआयडी कार्ड, अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, ते बघावेत. विमान कंपनीची मदतही वेगळी मागावी लागते: तिकीट काढतानाच किंवा निदान ४८ तास आधी कळवा. नुसता पट्टा घालून काउंटरवर उभं राहिलं की गाडं इथेच अडतं, कारण कंपनीच्या यादीत तुमचं नाव नसतं.

पट्ट्याचा गैरवापरही झाला आहे. कोविडच्या काळात ब्रिटनमध्ये मास्क टाळायला काहींनी तो गळ्यात अडकवला आणि ऑनलाइन नकली पट्टे विकले गेले. म्हणून हौसेखातर, ‘छान दिसतो’ म्हणून तो घालू नये. खरी गरज असलेल्यावर मग संशय येतो.

कार्नेशनचं उलट आहे. ते कुणीही लावावं, आणि ते लावणाऱ्याकडे खुलासा मागू नये. ज्याला कळायचं त्याला कळेल, हीच त्याची मूळ रीत. पट्टा दिसला तरी आजार विचारायचा नाही; “काही मदत हवी आहे का?” एवढंच विचारून थांबायचं. आणि कुणी दोन्ही घातलं असेल, तर फुलाकडे बघून हसा, पट्ट्याकडे बघून सावकाश बोला.