घाबरल्यावर ‘मोठे श्वास घे’? जरा थांबा

छातीत धडधडायला लागलं की कुणीतरी हमखास सांगतं, “मोठमोठे श्वास घे, ऑक्सिजन कमी पडतोय.” एरवी निरोगी माणसाच्या रक्तात ऑक्सिजन तेव्हाही पुरेसा असतो. घटतो तो कार्बन डायऑक्साइड, कारण भीतीने श्वास आधीच जोरात चाललेला असतो. त्यामुळे मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात. गरगरतं, बोटांना मुंग्या येतात आणि माणूस आणखी घाबरतो. त्यात मोठे श्वास म्हणजे आगीत तेल. श्वास घ्यायचा नेहमीएवढाच, नाकाने. सोडायचा मात्र सावकाश, लांबवून. (कागदी पिशवी तोंडाला लावून तिच्यातच श्वास घेण्याचा जुना उपाय नकोच, दमा किंवा हृदयविकार असेल तर तो धोक्याचा.) आणि छातीतली कळ हाताकडे, जबड्याकडे सरकत असेल तर श्वास मोजत बसू नका, तडक दवाखाना गाठा.